उगाळमान शून्य

कानामागं गार लागलं तशी समीनानं हातातली कानस खाली ठेवली आणि मनात एकोणतिसाचा पाढा सुरू केला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे सोळा. अडीचशेच्या पुढं गेलं की गारवा ओसरतो, हा तिचा तीन वर्षांचा अनुभव होता. कानशीच्या लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी एक खळगा पडला होता आणि तो तिच्या अंगठ्यापेक्षा बराच मोठा होता. तिथं अंगठा टेकला की हा खळगा कुणी पाडला ते मनात येऊ लागे, आणि ते पुरतं येण्याआधीच राखण गार पडे.

राखण म्हणजे टिकलीएवढी चकती. खोक्यावर तिचं नाव ‘स्मृतिसंरक्षक पट्टिका’ असं भारदस्त छापलेलं असलं, तरी मिरजेत तिला सगळे राखणच म्हणत. मेंदूतली खूण केलेली आठवण जागी होऊ लागली की चकतीला तिची चाहूल लागायची आणि ती कातडीला गारव्याचा चटका द्यायची. तेवढ्यात माणसानं मन दुसरीकडं वळवलं तर आठवण पुन्हा झोपी जायची. बहुतेक लोक ती नकोशा आठवणींसाठी लावत. कुणाचा अपघात, कुणाला झालेली मारहाण. समीनानं मात्र हव्याहव्याशा आठवणींवर लावली होती, आणि हे सांगितलं की लोक तिच्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघत.

बाहेर दुकानाच्या पुढच्या भागात तिचे सासरे दस्तगीर, म्हणजे अब्बा, गिऱ्हाइकाशी बोलत होते. जयसिंगपूरच्या एक गायन शिक्षिका तंबोऱ्यांची जोडी बघायला आल्या होत्या. तंबोरा बघायला आलेल्या माणसाला आधी चहा आणि चहाबरोबर तौफिक, हा दुकानाचा रिवाज होता.

“माझा तौफिक सात वर्षांचा होता,” अब्बा सांगत होते, “तेव्हा एकट्यानं भोपळा कापून त्यानं पहिला तंबोरा उभा केला. मी नुसता बघत बसलो.”

समीना लग्न होऊन या घरात आली तेव्हा हे वय अकरा होतं. गेल्या वर्षी नऊवर आलं. आणखी काही वर्षांनी तौफिक पाळण्यातून कानस मागणार, यात तिला शंका नव्हती. एरवी तिला याचं हसू आलं असतं. पण हल्ली अब्बा बोलू लागले की तिला एका जागी बसवत नसे. ती उठायची, खुंट्यांचा डबा उगाच उघडायची, बंद करायची, पुन्हा येऊन बसायची.

तौफिक तिचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं गेला. संसार सहा वर्षांचा झाला, मूलबाळ नव्हतं. बायकांना जवारी शिकवायची पद्धत त्या गल्लीत नव्हती, पण त्यानं शिकवली. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीला, तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीला, कानशीनं असा हलका बाक द्यायचा की तार तिच्यावर निसटती टेकावी आणि आवाजाला झंकार यावा. केसभर जास्त घासलं तर घोडी वाया जाते. तो गेल्यावर इस्लामपूरला माहेरी परत चल म्हणून भाऊ दोनदा येऊन गेला. ती गेली नाही. दुकानात काम होतं आणि अब्बांचा हात थरथरू लागला होता.

तीन वर्षांपूर्वी एक दिवस तिला तौफिकचा आवाज आठवेना. फोनमध्ये त्याच्या दहा-बारा चित्रफिती होत्या. त्या बघून बघून अशी गत झाली होती की तो मनात बोलू लागला तरी तेवढीच दहा-बारा वाक्यं बोलायचा. ती घाबरली आणि गावातल्या स्मृतिकेंद्रात गेली.

“आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेला फोटो नव्हे,” तिथल्या डॉक्टर मैथिली आठल्ये म्हणाल्या होत्या. “प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती नव्यानं बांधतो आणि नव्यानंच ठेवून देतो. उघडली की साधारण सहा तास ती ओली असते. त्या वेळात तुम्ही जे बोलाल, जे ऐकाल, ते तिच्यात मिसळतं. मग सगळं मिळून घट्ट होतं.”

त्यांच्याकडं ठसेदर्शक नावाचं यंत्र होतं. मेंदूतला आठवणीचा ठसा आजवर किती वेळा नव्यानं बांधला गेलाय ते त्यात दिसायचं. त्या मापाला डॉक्टरांनी उगाळमान असं नाव दिलं होतं. गंधाचं खोड उगाळून झिजतं तसं, शून्यापासून शंभरापर्यंत.

“लग्नाचा दिवस, एक्क्याण्णव,” डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “तुमची पहिली भेट, शहाण्णव.”

“शहाण्णव म्हणजे?”

“म्हणजे त्यात तौफिकभाऊ थोडे आणि तुम्ही जास्त, समीनाताई.”

समीनाला कुणीतरी घरफोडी केल्यासारखा राग आला होता, आणि चोर आपणच आहोत हे कळल्यावर तो कुठं ठेवावा ते सुचेना. रोज झोपताना ज्याच्याशी ती बोलत होती तो तौफिक तिनंच घडवलेला निघाला होता.

मग डॉक्टरांनी पडद्याच्या कोपऱ्यातला एक ठिपका मोठा केला. “हा मात्र बघा. ते गेले त्या आठवड्यातला बुधवार. जागा रुग्णालयाची, वेळ दुपारची. आवाज भरपूर आहे. उगाळमान शून्य. ही आठवण तुम्ही एकदाही उघडलेली नाही.”

“काय आहे त्यात?”

“ते यंत्राला दिसत नाही. तुम्हीच उघडून बघायचं. पण एकदा उघडलीत की शून्य राहणार नाही.”

त्याच दिवशी समीनानं तौफिकच्या सगळ्या आठवणींवर खुणा करून घेतल्या आणि राखण लावून घरी आली. शून्याची ती एक दुपार तेवढी खरी होती आणि ती तिला जपायची होती. तेव्हापासून तिनं तौफिकला नीट असं आठवलंच नव्हतं. नवऱ्याला जपण्यासाठी ती त्याच्याविना राहत होती, आणि हे किती जड जातं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

शिक्षिकाबाई जोडी ठरवून गेल्या. अब्बा आतल्या भागात आले आणि भोपळ्यांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसले. धाप लागली होती. उद्या, शुक्रवारी, त्यांना रुग्णालयात दाखल व्हायचं होतं आणि शनिवारी पहाटे सहाला त्यांच्या हृदयाची झडप बदलणार होते.

“नवी झडप छापील आहे म्हणे,” ते म्हणाले. “लग्नाच्या पत्रिका छापतात तशी. माझ्याच अंगातल्या पेशी घेऊन छापलीय. फाटली तर दुसरी छापतील.”

“काही होत नाही अब्बा. आता लई सोपं झालंय ते.”

“होय की. सोपंच असतंय, दुसऱ्याचं असलं की.” अब्बांनी शेजारचा भोपळा हातानं फिरवला. “समीना, एक विचारू? शेवटी तुला आत सोडलं होतं. मला काचेबाहेरनं हात हलवायला मिळाला तेवढाच. काय बोलला गं तो शेवटी?”

समीनाच्या कानामागं चटका बसला. एकोणतीस, अठ्ठावन्न.

“नऊ वर्षांत कधी विचारलं नाहीत,” ती म्हणाली.

“धीर झाला नाही. उद्या वर गाठ पडली तर त्याला काय सांगू? तुझं शेवटचं बोलणं मला ठाऊकच नाही म्हणून?”

“मला आठवत नाही अब्बा.”

“आठवत नाही का आठवायचं नाही?” त्यांनी स्वतःच्या कानामागं बोट लावून दाखवलं.

समीना उठून उभी राहिली. “मग काय, तुमच्यासारखं करू? सात वर्षांचा होता म्हणे. मी आले तेव्हा अकरा सांगत होता. तुम्ही बोलून बोलून संपवलाय त्याला.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं, हे नको होतं. अब्बांनी जमिनीवरचा भुसा पायानं एका बाजूला केला.

“संपवला असेल,” ते म्हणाले. “पण रोज दुकानात माझ्याजवळ असतोय तो. तुझा कुठं असतोय?”

ती काचेच्या कपाटापाशी गेली. त्यात तौफिकच्या हातचा शेवटचा तंबोरा होता. दोन उपचारांच्या मधे त्याला अकरा दिवस घरी सोडलं होतं तेव्हा त्यानं त्याची जवारी लावली. धारवाडच्या एका गायिकेसाठी होता तो, पण तौफिक गेल्याचं कळल्यावर त्यांनी तुमच्याकडंच राहू दे म्हणून निरोप पाठवला. ‘शेवटची जवारी माझ्या पोराची’ असं म्हणून अब्बा हरेक गिऱ्हाइकाला तो काचेबाहेरून दाखवायचे. झिजू नये म्हणून समीनानं तो कधी वाजवू दिला नव्हता.

“त्याचं बोलणं नाही, पण त्याची जवारी ऐकवते तुम्हाला,” ती म्हणाली. “मग तर झालं?”

तिनं कपाट उघडलं, तंबोरा मांडीवर घेतला, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, आणि तार छेडली. आवाज भद्द आला. झंकार नव्हताच. तार आणि घोडीच्या मधे झंकारासाठी घालतात तो दोऱ्याचा तुकडा मागंपुढं करून बघितला. नऊ वर्षं एकाच जागी दाबून बसलेल्या तारांनी घोडीवर चऱ्या पाडल्या होत्या आणि दोरा बोट लावताच तुटला.

“वाजता ठेवला असता तर हे झालं नसतं,” अब्बा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“घोडी काढून बघते. चऱ्या हलक्या असतील तर—”

“नको.” अब्बा फार लगबगीनं बोलले. “त्या घोडीला हात लावू नकोस. त्याची आहे ती. जशी आहे तशी राहू दे.”

समीनानं त्यांच्याकडं वळून बघितलं. आलेल्या वाद्याची घोडी चहा यायच्या आत काढून बघणारा माणूस हा. घोडी काढू नको असं ते आयुष्यात कधी म्हणाले असतील असं तिला वाटेना. पण त्यांना धाप लागली होती, म्हणून तिनं विषय वाढवला नाही.

शुक्रवारी सकाळी आठला त्यांना रुग्णालयात भरती करून ती परत आली. भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा होती. मधला दिवस कसा काढायचा ते कळेना. दुकान उघडलं, पुन्हा अर्धं बंद केलं, चहा ठेवला आणि उतू घालवला. शेवटी तिनं तंबोरा घेतला, तारा सैल केल्या आणि घोडी हातात काढली.

खाली, तबलीवर म्हणजे तंबोऱ्याच्या पुढच्या फळीवर टेकणाऱ्या बाजूला, पेन्सिलीनं तारीख लिहिली होती. जवारी लावली की घोडीखाली तारीख टाकायची, ही गल्लीतली जुनी रीत. तारीख त्या अकरा दिवसांतलीच होती. मग तिनं घोडी सुलटी करून भिंगाखाली धरली आणि कानशीचे ओरखडे बघितले.

ओरखडे तिरके होते.

तौफिकची कानस नाकासमोर सरळ चालायची. त्याच्याकडून शिकल्यामुळं समीनाचीही तशीच चालायची. डावीकडून उजवीकडं तिरकी उतरणारी कानस त्या दुकानात एकाच माणसाची होती, कारण तो डावखुरा होता. तो माणूस आत्ता रुग्णालयात छातीवरचे केस काढून घेत होता.

ती खाली बसली, लगेच उठली, पुन्हा भिंग लावलं. ओरखडे तिरकेच राहिले. ही घोडी तौफिकची नसेल तर नऊ वर्षं आपण काचेमागं काय जपलं? आणि जी एक दुपार आपण न उघडता जपतोय, तिच्यात तरी काय असेल? पाढा म्हणायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. राखण सारखी चटके देत होती. तिनं घोडी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि रिक्षा केली.

“आज उघडायची,” ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉ. आठल्येंनी खुर्ची तिच्याकडं वळवली. “उघडू. पण नियम पाळावा लागेल. उघडल्यावर सहा तास कुणाशी बोलायचं नाही. फोन नाही, माणसं नाहीत. घरी जायचं आणि पडून राहायचं. ओली असताना जे तोंडातून निघेल ते आत जाईल. खोटं बोललात तर खोटं आत जाईल, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.”

“सासऱ्यांना भेटायची वेळ पाच ते सहा आहे. पहाटे ऑपरेशन आहे त्यांचं.”

“मग पुढच्या आठवड्यात या.”

“पुढच्या आठवड्यात उपयोग नाही, डॉक्टर.”

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी तिच्या कानामागची राखण काढली आणि त्या ठशाजवळ मंद स्पंदनं सोडली.

आधी आवाज आला. चित्रफितीतला नव्हे. घसा बसलेला, नाकातल्या नळीमुळं गेंगाणा झालेला, आणि वैतागलेला. तो तौफिक होता. समीनाचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले.

“ही खिचडी आहे का भोपळा जोडायचा सरस?” तो म्हणत होता. “घेऊन जा ती. आणि पाठ खाजव जरा. वर. तिथं नव्हे गं, वर.”

ती हातमोजा घातलेल्या हातानं त्याची पाठ खाजवत होती. पाठीची हाडं हाताला लागत होती.

“तंबोरा गेला का धारवाडला?”

“अजून नाही.”

“जवारी माझी नाही ती.”

“म्हणजे?”

“माझी कानस घसरली. बोटांना कळतंय कुठं काय. घोडीला खाच पडली. मी काही बोललो नाही, जाऊन झोपलो. उठून बघतो तर जवारी लागलेली. अब्बा शेजारी बसून म्हणतायत, वा, काय हात आहे तुझा. दुसरी घोडी चढवली होती म्हाताऱ्यानं.” तो हसला, आणि हसता हसता खोकला. “मला कळणार नाही होय? त्यांची जवारी खुली, मोकळी झंकारते, माझी बंद, दबकी. झोपेत ओळखीन मी.”

“मग तू काय बोललास?”

“काय बोलणार? हसलो. भारी लागलीय जवारी. माझ्यापेक्षा भारी.” त्यानं नाकातली नळी सारखी केली. “मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. मी असेपर्यंत नाही, गेल्यावर पण नाही. त्यांना वाटू दे, पोराला शेवटपर्यंत वाटत होतं आपला हात शाबूत आहे. शब्द दे.”

“दिला.”

“तोंडदेखला नको. विसरूनच जा हे.”

आणि ती विसरली होती. शब्द इतका पाळला होता की त्या दुपारची कडी तिनं नऊ वर्षं आतून लावून घेतली होती, आणि बाहेर अब्बा जे सांगत होते तेच खरं धरून बसली होती.

डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते. डॉक्टरांनी पाणी पुढं केलं. त्या काही विचारणार होत्या, पण मग त्यांनी स्वतःच ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. सात चाळीसपर्यंत.

समीना घरी गेली नाही. रुग्णालयासमोरच्या बाकावर ती पाच वाजेपर्यंत बसली. बसली असं म्हणायचं, खरं तर ती बाकापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत होती. बोलायचं नाही, हात हातात घ्यायचा आणि परत यायचं, असं तिनं ठरवलं. म्हातारा समजून घेईल. पहाटे त्याचं काही बरंवाईट झालं तर मात्र आपण आपल्याला समजून घेणार नाही, हेही तिला दिसत होतं.

अब्बा खाटेवर होते. निळ्या झग्यात ते फार लहान दिसत होते. त्यांनी आधी तिचा कान बघितला.

“काढलीस?”

तिनं मान हलवली.

“आणि घोडी?”

तिनं पर्समधून रुमाल काढला आणि घोडी त्यांच्या डाव्या हातात ठेवली. अब्बांनी अंगठा ओरखड्यांवरून फिरवला. स्वतःची कानस ओळखायला त्यांना डोळे लागले नाहीत.

“बोटं बधिर झाली होती त्याची औषधांनी,” ते छताकडं बघत म्हणाले. “खाच पाडून झोपला. मी दुसरी घोडी काढली. लावून झाल्यावर म्हणालो, वा, काय हात आहे. त्यानं तार छेडली, माझ्याकडं बघितलं आणि हसला. त्या हसण्याचा अर्थ काही मला लागत नाही. नऊ वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, माझ्या पोराची जवारी, माझ्या पोराची. कुणालातरी ऐकवून ते खरं होतंय का बघत होतो.” त्यांनी घोडी मुठीत धरली. “त्याला कळलं असेल तर बापानंच तोंडावर सांगितल्यासारखं झालं गं, की तुझा हात गेला. हे घेऊन मला त्या टेबलावर जायचं नाही. सांग मला. कळलं होतं का त्याला?”

भिंतीवर पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

समीनाला बुधवार लख्ख दिसत होता. पाठीची हाडं, खिचडी, घोगरं हसणं. आयुष्यात खरा राहिलेला तेवढाच तौफिक, आणि तो अजून ओला होता. हो म्हटलं तर तो तिच्याजवळ राहणार होता आणि त्याला दिलेला शब्द मोडणार होता. नाही म्हटलं तर शब्द राहणार होता, आणि ते ‘नाही’ रात्रीपर्यंत त्या दुपारच्या आत जाऊन बसणार होतं. तिला रडू आलं, कारण काय करायचं ते तिला ठाऊक होतं.

“नाही, अब्बा,” ती म्हणाली. “त्याला कळलं नाही.”

“खरं?”

“खरं. तुम्ही विचारलंत ना शेवटी काय म्हणाला? म्हणाला, भारी लागलीय जवारी.”

अब्बांनी डोळे मिटले. डोळ्यातून पाणी निघून कानाच्या पाळीकडं गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. “मग झालं,” ते म्हणाले. “आता छापू दे काय छापायची ती झडप.” आणि घोडी तिच्या हातात परत दिली.

सहाला परिचारिकेनं सगळ्यांना बाहेर काढलं. समीना जिन्यात आली आणि मनात बुधवार पुन्हा एकदा चाचपून बघितला. तौफिक म्हणत होता, मला कळणार नाही होय? पण त्याच्या मागून तिचा स्वतःचा आवाजही आता येत होता, कळलं नाही, कळलं नाही. तिनं नोंदणीच्या टेबलावरून पेन्सिल मागून घेतली. भिंतीला टेकून घोडी उलटी केली आणि तारखेखाली बारीक अक्षरात लिहिलं: त्याला कळलं होतं. मग घोडी रुमालात गुंडाळली आणि सात चाळीस वाजेपर्यंत त्या रुग्णालयाभोवती चालत राहिली.

छापील झडप चांगली निघाली. दोन महिन्यांत अब्बा दुकानात येऊन बसू लागले. तौफिक आता सहा वर्षांचा असताना पहिला तंबोरा करतो, आणि गोष्टीला नवा शेवट आलाय: “जाताना म्हणाला, भारी लागलीय जवारी.” आत बसलेली समीना मान डोलावते. तिच्या कानामागं आता काही नसतं. कानशीच्या खळग्यात ती खुशाल अंगठा ठेवते.

कपाटातला तंबोरा तिनं बाहेर काढून तीच घोडी पुन्हा लावली, चऱ्या घासून. आता येणारं जाणारं कुणीही तो छेडतं. त्यामुळं वर्षभरानं, दिवाळी झाल्यावर, त्याची जवारी पुन्हा उतरली, आणि समीनानं पुन्हा घोडी काढली. तारीख टाकायला उलटी केली तर खाली ती ओळ.

अक्षर तिचंच होतं. तिनं बुधवार आठवला. खिचडी होती, पाठ होती, घोगरं हसणं होतं. तौफिक सांगत होता की त्याला कळलं होतं. मग तोच, त्याच आवाजात, सांगत होता की भारी लागलीय जवारी, माझ्या हाताची आहे. दोन्ही वेळा तो तितकाच खरा वाटत होता, दोन्ही वेळा तो नळीतून खोकत होता. तिनं डोळे उघडून पुन्हा ओळ वाचली, पुन्हा डोळे मिटले.

“समीना, झालं का गं?” अब्बांनी बाहेरून हाक मारली. “बाई थांबल्यात.”

“आले,” ती म्हणाली, पण उठली नाही. पेन्सिलीची ती ओळ तौफिकनं सांगितली म्हणून तिनं लिहिली होती, की तिनं लिहिली म्हणून तौफिक आता तसं सांगत होता?